लडाख: आशियातून भारतात, वाटेत एक समुद्र

ऑगस्टच्या शेवटी लडाखला जाऊन आलो, मी, नवरा आणि माझी भाची. भाची पुण्यात जिऑलॉजीत एमएस्सी करतेय त्यामुळे रूट तिनेच ठरवला आणि ठरवताना पँगाँग सरळ कापून टाकलं. नवरा जरा हिरमुसला, पण तिने नकाशावर खार्दुंग ला (ला म्हणजे खिंड) पासून खाली त्सो मोरिरी सरोवरापर्यंत एक तिरकी रेघ मारली आणि म्हणाली, "काका, या रेघेच्या एका टोकाला आशिया, दुसऱ्या टोकाला भारत आणि मधे समुद्राचा तळ. तिन्ही गाडीतून बघता येतं." इथे भारत म्हणजे देश नाही हं, देश म्हणून सगळं लडाख आपलंच. भारत म्हणजे तो जुना भूखंड, जो दक्षिणेकडून सरकत येऊन आशियाला धडकला.

प्लेट टेक्टॉनिक्स शाळेत आपण सगळ्यांनीच वाचलंय, प्लेटा सरकल्या आणि हिमालय झाला, एका मार्काचं उत्तर. पण हे कळलं कसं, पुरावा काय, हे सहसा कुणी विचारत नाही. आमच्या घरात मात्र विचारणारा माणूस आहे. नवरा बँकेच्या ऑडिटमधून रिटायर झालाय, कागद दाखवल्याशिवाय त्याला काही पटत नाही.

लेह, आरामाचे दिवस

लेह ३५०० मीटरवर आहे, विमानाने थेट पोचलात तर पहिले दोन दिवस खरंच काही करू नका, नुसतं झोपा, पाणी प्या. आमच्या होमस्टेच्या आमा-ले (तिकडे आईच्या वयाच्या बाईला असंच म्हणतात) सकाळी खंबीर नावाची जाड रोटी आणि घरच्या जर्दाळूचा जॅम द्यायच्या, अंगणातल्या झाडाखाली जर्दाळूंचा सडा पडलेला असायचा आणि "खा खा, उचलून खा" म्हणून आग्रह. बटर टी मला पहिल्या घोटाला खारट लागला, तिसऱ्या कपापासून मीच मागायला लागले.

धडा पहिला गच्चीवरच झाला. गच्चीवर उभं राहून उत्तरेला बघितलं की लडाख रेंज, फिकट राखाडी, थर वगैरे काही नाही, सगळा ग्रॅनाइट. लेहचा राजवाडा आणि शांती स्तूपाची टेकडीसुद्धा त्याच दगडावर. मग दक्षिणेला वळायचं, सिंधू नदीपलीकडे स्टोकचे डोंगर, आणि तिथे नुसते पट्टे, जांभळे, तपकिरी, हिरवट, आणि पट्टे आडवे नाहीत तर उभे कललेले. सह्याद्रीत आपल्याला आडव्या थरांची सवय, तिथे डोंगर कितीही कापला तरी थर आडवेच असतात, म्हणून हे बघून मी चक्रावलेच. एका दरीच्या दोन बाजूंना दोन पूर्ण वेगळी जमीन, आणि दरीतून सिंधू वाहतेय. भाची म्हणाली की भूगर्भशास्त्रात याला इंडस सूचर म्हणतात, शिवण, जिथे दोन खंड एकमेकांना शिवले गेले ती जागा.

बरं वाटायला लागल्यावर संध्याकाळी हेमिसला गेलो. गोंपा (बौद्ध मठ) सुंदर आहेच, पण भाची आम्हाला रस्त्याकडेच्या दगडांपाशी घेऊन गेली. सिमेंटात खडी घालावी तसे गोलगोल गोटे दगडात रुतलेले, आणि त्यातले कितीतरी गोटे पलीकडच्या लडाख रेंजच्या ग्रॅनाइटचे! म्हणजे एके काळी पलीकडचा डोंगर झिजून नदीने ते गोटे इथे आणून टाकले, त्यांचा दगड झाला, आणि मग तो सगळा थरच दाबाने उभा झाला. हेमिस काँग्लोमरेट असं नावच आहे त्याला. हात लावून बघा, फुकट आहे.

संगम आणि चिलिंगचा रस्ता

वाटेत मॅग्नेटिक हिलला गाड्यांची रांग लागलेली, गाडी आपोआप चढ चढते असं वाटतं, तो नजरेचा खेळ आहे. तिथून थोडं पुढे निम्मूपाशी सिंधू आणि झंस्कारचा संगम, दोन पाण्यांचे दोन रंग. बहुतेक जण तिथून परत फिरतात. तुम्ही फिरू नका. झंस्कारच्या काठाने चिलिंगकडे जाणारा रस्ता पकडा. मला विचाराल तर लेहच्या आसपासचा सगळ्यात भारी रस्ता हाच. नदीने सगळे थर आरपार कापलेत आणि दोन्ही बाजूंना लाल आणि हिरवे थर उभेच्या उभे, काही ठिकाणी तर घडी पडलेली. आमचे ड्रायव्हर (त्यांना आम्ही अचो-ले म्हणायचो, म्हणजे दादा) भाचीने हात केला की न कुरकुरता थांबायचे, नंतर नंतर तर तेच विचारायला लागले, "मॅडम, ये पत्थर भी देखना है?"

इथेच तिने मोबाइलवर एक फोटो दाखवला, दगडात नाण्यांसारख्या चकत्या. न्यूम्युलाइट्स. एकपेशीय जीव, उबदार उथळ समुद्रात राहायचे. कच्छमध्ये सापडतात, गिझाच्या पिरॅमिडच्या चुनखडीतही आहेत, आणि लडाखच्या या पट्ट्यातल्या चुनखडीतही आहेत. इथे समुद्र होता त्याचा हा शेवटचा पुरावा, त्यावरचे थर नदीने आणलेल्या गाळाचे. नवऱ्याने विचारलं, किती जुने? "साधारण ५ कोटी वर्षं." त्याने खिशातून छोटी डायरी काढून लिहून ठेवलं.

त्या समुद्राचं नाव टेथिस. ऑस्ट्रियाचे एडवर्ड झ्यूस यांनी १८९३ मध्ये ठेवलेलं, गोंडवनालँड (भारत, आफ्रिका वगैरे एकत्र असलेला जुना महाखंड) हे नावही त्यांनीच रुळवलं, आपल्या गोंडांच्या मुलखावरून. गंमत म्हणजे त्यांना खंड सरकतात असं वाटत नव्हतं, मधली जमीन खचली आणि समुद्र झाले असं ते मानायचे.

चिलिंग गाव तांब्यापितळेच्या कारागिरांचं आहे, लेहजवळच्या शे गावातल्या बुद्धमूर्तीसाठी नेपाळहून आणलेल्या कारागिरांचे वंशज असं सांगतात. एका घरी आजोबांनी चहा पाजला, ठोकून केलेला तांब्याचा डाव दाखवला. तो घेतलाच.

टिप: चिलिंगच्या रस्त्यावर सकाळी जा. दुपारनंतर वारा सुटतो आणि वरून बारीक दगड येत राहतात.

खार्दुंग ला आणि नुब्रा

खार्दुंग ला ५३५९ मीटर. वर बोर्डापाशी फोटोसाठी ही गर्दी, आम्ही पंधरा मिनिटांत निघालो, तेवढंच थांबावं, डोकं धरतं. पण चढताना दोनदा थांबलो. रस्ता कापलाय तिथे ग्रॅनाइट अगदी ताजा दिसतो, काळे-पांढरे दाणे आणि मधे मधे काळपट डाग.

हा ग्रॅनाइट आला कुठून? टेथिसचा तळ उत्तरेला आशियाखाली बुडत होता. बुडणारी प्लेट साधारण १०० किलोमीटर खोल गेली की तिच्यातलं पाणी बाहेर पडतं, त्या पाण्याने वरचा तप्त खडक वितळतो, तो रस वर चढतो, काही ज्वालामुखीतून बाहेर पडतो आणि बाकीचा आतच थिजून ग्रॅनाइट होतो. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतात आज हेच चाललंय. खार्दुंगच्या पलीकडच्या उतारावर त्या काळातले ज्वालामुखीचे खडकही आहेत. म्हणजे खार्दुंग ला वर आपण एका विझलेल्या अँडीजच्या पोटात उभे असतो!

नवऱ्याचा प्रश्न ठरलेला. उत्तर: इथला बहुतेक ग्रॅनाइट १० कोटी ते ५ कोटी वर्षांपूर्वीचा. "मग ५ कोटीला थांबलं का?" भाची म्हणाली, "समुद्र संपला ना काका, बुडायला तळच उरला नाही." त्याने डायरी उघडली, न्यूम्युलाइट्सच्या खाली दुसरी ओळ लिहिली, आणि बराच वेळ काही बोलला नाही.

नुब्रात हुंडरची वाळू, दोन मदारींचे उंट, ते सगळं केलं. जास्त आवडलं ते सुमूर, शांत, झाडी भरपूर, रात्री स्क्यू नावाचा प्रकार खाल्ला, कणकेचे छोटे गोळे दाबून भाजीच्या रश्श्यात शिजवतात, आपल्या वरणफळांची आठवण येतेच. पनामिकला गरम पाण्याचे झरे आहेत. नुब्राच्या खोऱ्यातून काराकोरम फॉल्ट जातो, त्याच्या दोन बाजू एकमेकींना घासून आडव्या सरकतात, आणि अशा खोल भेगांतून तापलेलं पाणी वर येतं. शेजारीच श्योक नदीच्या बाजूला आणखी एक शिवण आहे, श्योक सूचर. ही आधी मिटली की सिंधूची आधी यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद आहे, त्यामुळे लडाख रेंज भारत येण्याआधीच आशियाला चिकटली होती का, हाही प्रश्न उघडा आहे. मला हे ऐकून बरं वाटलं, म्हणजे काम चालू आहे.

लेह ते कोरझोक, रेघेवरचा दिवस

पहाटे पाचला कोरझोकला, म्हणजे त्सो मोरिरीच्या काठच्या गावाला, जायला निघालो. उपशीपर्यंत लाल-जांभळे कललेले थर, पुढे सिंधूची घळ अरुंद होते आणि परत ग्रॅनाइट सुरू. चुमाथांगला नदीकाठीच गरम झरे, वाफ निघतेय आणि शेजारून गार सिंधू. तिथे मॅगी आणि चहा. मग माहेचा पूल, परमिट दाखवायचं (झेरॉक्सच्या चार-पाच कॉपी ठेवा) आणि सिंधू ओलांडायची.

माहेपासून सुमदोपर्यंतचा हा रस्ता भाचीने सगळ्यात जास्त राखून ठेवलेला. पूल ओलांडला तेव्हा ग्रॅनाइट मागे राहिला, मग काही वेळ गाळाचे थर, आणि मग डोंगराचा रंगच बदलला. काळपट हिरवा. मधे रस्त्याचं काम चालू होतं, गाड्या थांबवलेल्या, सगळे ड्रायव्हर खाली उतरून गप्पा मारायला लागले आणि आम्हाला आयताच वेळ मिळाला. हिरवा दगड हाताला गुळगुळीत, जवळजवळ साबणासारखा लागतो, सर्पेंटाइन. हा पृथ्वीच्या कवचाखालचा, मँटलचा खडक, पाण्याने बदललेला. आणि पुढे एका ठिकाणी काळे गोलसर फुगीर दगड एकमेकांवर रचलेले. पिलो लाव्हा. लाव्हा पाण्याखाली बाहेर आला की वरची साल लगेच थिजते आणि आतला रस फुगून असे गोळे होतात. आजही समुद्राच्या तळाशी मधोमध जी डोंगररांग आहे तिथे हेच बनतात.

समुद्रापासून हजाराहून जास्त किलोमीटर आत, ४००० मीटरच्या वर, मी समुद्राच्या तळावर हात ठेवून उभी होते. अंगावर काटा आला. आजही लिहिताना येतोय.

अशा खडकांच्या संचाला ऑफिओलाइट म्हणतात. स्विस भूगर्भशास्त्रज्ञ ऑगुस्तो गान्सर १९३६ मध्ये बौद्ध यात्रेकरूच्या वेशात तिबेटात शिरले, कैलासच्या परिक्रमेच्या भागात त्यांना असेच समुद्रतळाचे खडक सापडले. तेव्हा प्लेट टेक्टॉनिक्स हा सिद्धांतच नव्हता. आल्फ्रेड वेगेनरने १९१२ मध्ये खंड सरकतात असं मांडलं होतं, किनाऱ्यांचे आकार जुळतात, ग्लॉसोप्टेरिस नावाच्या एकाच वनस्पतीचे जीवाश्म भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका सगळीकडे सापडतात (आपल्या नागपूर-चंद्रपूरकडच्या कोळशाच्या पट्ट्यातही आहेत!), पण सरकवतं कोण याचं पटेल असं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. १९३० मध्ये तो ग्रीनलंडच्या बर्फात वारला, तेव्हा बहुतेकांनी त्याचं म्हणणं बाजूला टाकलेलं होतं. मला याचं फार वाईट वाटतं.

थोडं पुढे हिरवा रंग संपला आणि फिकट, चमकदार, पट्ट्यापट्ट्यांचा खडक लागला, नाइस (gneiss), म्हणजे खोलवर उष्णतेने आणि दाबाने बदललेला खडक. भाचीने खिडकीतून ओरडून सांगितलं, "उतरा, भारत आला!" हा भारतीय भूखंडाचा पुढचा काठ. अचो-लेंनी टाळ्या वाजवल्या, त्यांनी हा रस्ता कित्येक वर्षं चालवलाय पण असं कुणी त्यांना सांगितलं नव्हतं म्हणे. नंतर त्यांनी मागच्या गाडीतल्या ड्रायव्हरला थांबवून तेच समजावलं, लडाखीत, हातवारे करून.

कोरझोक

त्सो मोरिरी ४५०० मीटरच्या वर. थंडी कडाक्याची, ऑगस्ट असूनही दोन स्वेटर आणि जॅकेट. पाण्यावर पट्टकदंब हंस दिसले, जे हिवाळ्यात आपल्या जायकवाडीला आणि विदर्भातल्या तलावांवर येतात तेच. इथे त्यांची वीण होते. एका चांगपा (इथले भटके पशुपालक) कुटुंबाच्या तंबूत चहा झाला, पश्मिना शेळ्या बाहेर, आबी-ले (आजी) लोकर कातत बसलेल्या. त्यांनी विचारलं तुम्ही कुठून, आम्ही महाराष्ट्र म्हटलं, त्यांनी विचारलं तिथे बर्फ किती पडतो. नाहीच पडत म्हटल्यावर त्यांना आमची काळजी वाटली, मग प्यायला पाणी कुठून येतं तुमच्याकडे?

या भागातल्या नाइसमध्ये मधे मधे गडद खडकाचे गोळे आहेत, त्यात लाल गार्नेटचे दाणे. इक्लोजाइट, प्रचंड दाबाखाली बनणारा खडक. त्या गार्नेटच्या आत सूक्ष्मदर्शकाखाली कोएसाइट सापडलंय, म्हणजे वाळूतलं सिलिकाच, पण साधारण ९०-१०० किलोमीटर खोलीवरच्या दाबाखालीच बनणारं. अर्थ असा की भारताचा काठ समुद्रतळाच्या मागोमाग ओढला जाऊन १०० किलोमीटर खोल गेला आणि परत वर आला. कधी? साधारण साडेपाच ते पाच कोटी वर्षांपूर्वी. डायरीत तिसरी ओळ.

रात्री वीज गेली तेव्हा मेणबत्तीत नवऱ्याने खरा प्रश्न काढला, की हे सगळं इथल्याच दगडांवरून, भारत दक्षिणेकडूनच आला हे कशावरून. यावर भाचीकडे आपल्या घरचा पुरावा होता. दख्खनचा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हा थंड होताना त्यातले लोहाचे कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे रांगेत थिजतात. विषुववृत्तावर ती दिशा आडवी असते, ध्रुवावर उभी, त्यामुळे खडकातला कोन मोजला की तो कुठल्या अक्षांशावर बनला ते निघतं. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या गटाने दख्खनचे नमुने नेऊन मोजले, पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही (टीआयएफआर) हे काम झालं, आणि उत्तर निघालं की आपले घाट तयार झाले तेव्हा ही जमीन विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला होती.

मग समुद्र. १९६२ मध्ये हॅरी हेसने मांडलं की समुद्राचा तळ मधल्या भेगेपाशी नवा बनतो आणि दोन्हीकडे सरकतो, १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी तळावरच्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला. पृथ्वीचं चुंबकत्व मधून मधून उलटतं, ते प्रत्येक उलटणं तळात नोंदलं जातं. हिंदी महासागरातले पट्टे मोजले की भारताचा वेग कळतो: एके काळी वर्षाला १५ सेंटिमीटरच्याही वर, आणि मग ५ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला तो एकदम पडतो.

नवऱ्याने चौथी ओळ लिहिली आणि डायरी माझ्यापुढे धरली. समुद्री जीव संपले, ग्रॅनाइट बनायचा थांबला, काठ खोल ओढला गेला, महासागरात वेग पडला. चार वेगळ्या शाखांच्या चार वेगळ्या वह्या, लिहिणाऱ्यांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि ताळा एकाच तारखेला बसतो. "याला मी सही करतो," म्हणाला. माझ्या मते सबंध सिद्धांताचं बळ इथेच आहे. एकेका पुराव्याला फाटे फोडता येतात, पण इतक्या लांबलांबच्या गोष्टी योगायोगाने जुळत नाहीत.

पुगा, त्सो कार, परत

परतताना सुमदोहून पुगाकडे वळलो. खोऱ्यात जिकडेतिकडे वाफ, गंधकाचा पिवळा थर, बोरॅक्सची पांढरी साय, काही ठिकाणी पाणी ८४ अंशांपर्यंत, या उंचीवर तोच उकळबिंदू जवळजवळ. ज्वालामुखी एकही नाही. ओएनजीसीने २०२१ मध्ये इथे भूऔष्णिक विजेसाठी करार केलाय. मुलं असतील तर हात घट्ट धरा, कडेची जमीन पोकळ असते.

त्सो कारला कियांग म्हणजे रानटी गाढवांचा कळप दिसला, काळ्या मानेचा क्रौंच लांबून, दुर्बीण न्याच. तागलांग ला उतरून रुमत्सेपासून पुन्हा ते लाल आणि हिरवे उभे थर सुरू झाले, शिवण आता उलट्या दिशेने.

आणि हे संपलेलं नाही. लेह आणि हानलेला जीपीएस स्टेशनं आहेत, भारत अजून वर्षाला चारपाच सेंटिमीटर उत्तरेला सरकतोय, त्यातलं साधारण दोन सेंटिमीटर हिमालयातच दाबलं जातं, आणि साठलेलं सुटतं तेव्हा १९०५ चं कांगडा, २०१५ चं नेपाळ होतं. अचो-लेंनी हे ऐकून विचारलं, मग घर कसं बांधायचं? त्यावर दोघांची लेहपर्यंत चर्चा चालली, लाकडी पट्ट्यांच्या भिंती, कमी मजले वगैरे.

जाणाऱ्यांसाठी थोडं: बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड न्या, कोरझोकला तेही भरवशाचं नाही. टाकी लेह किंवा कारूला फुल करा. कोरझोकला थेट जाऊ नका, आधी लेह-नुब्रा करून शरीर रुळू द्या, डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारूनच घ्या. कॅश ठेवा. भिंग आणि छोटं होकायंत्र असेल तर मजा दुप्पट. दगड, फॉसिल उचलून आणू नका, फोटो काढा, आणि फोटोत शेजारी पेन ठेवा म्हणजे साइज कळतो.